वाळवणापुरतं ऊन

सेलूत मला नावानं फारसं कुणी ओळखत नाही. 'झाडवाले' म्हटलं की लोक माझी गल्ली दाखवतात. घरावर आलेली फांदी उतरवायची, तारेला लागलेलं झाड छाटायचं, वादळात मोडून पडलेलं खोड रस्त्यातून काढायचं, अशी कामं मी वीसेक वर्षं करतोय. जन्म झरीचा. दहावी झाल्यावर विजेच्या तारांखालची झाडं छाटणाऱ्या एका ठेकेदाराकडं लागलो. चढायला तिथं शिकलो. कापायचं कसं, हे मात्र एका रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्या माळीमामांनी शिकवलं. "फांदी खोडातून जिथं निघती ना, तिथं तिला मान असती," ते म्हणायचे. "मान सोडून करवत धरायची. मानेत काप गेला की झाड आतून कुजतं." आधी खालून थोडा काप, मग जरा पुढं सरकून वरून, आणि फांदी उतरल्यावर राहिलेला खुंट मानेपाशी साफ करायचा. आजही मी असंच करतो.

काम आमचं दोघांचं आहे. मी वर आणि बायको खाली. मोठी फांदी आपटू द्यायची नसते. ती दोराला बांधून, दोर बुंध्याला वेढे देऊन, हळूहळू सोडायची असते. दोर बायकोच्या हातात असतो. सुरुवातीला लोक हसायचे. आता हसत नाहीत. फांदी भारी असली की माझा साडू तिसरा गडी म्हणून येतो.

ही गोष्ट करोनाची बंदी उठल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली. रेल्वे लाइनीकडच्या एका कॉलनीतून एक काकू मला शोधत घरी आल्या. नवरा वारल्यापासून त्या पापड, कुरडया, शेवया करून विकायच्या. त्यांचं सगळं वाळवण गच्चीवर. शेजारी एक निवृत्त गुरुजी राहायचे. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले, घरात एकटेच, मुलं नोकरीला बाहेरगावी. त्यांच्या अंगणात, दोघांच्या सामाईक भिंतीला लागून, एक जुना कडूलिंब होता. त्याची एक मोठी फांदी भिंत ओलांडून काकूंच्या गच्चीवर आली होती.

"दुपार झाली की माझ्या गच्चीवर सावली," काकू म्हणाल्या. "कुरडया वाळत न्हाईत, पाला पडतो, कावळे बसतेत. मागच्या साली एका बाईच्या कुरडईत लिंबाची काडी निघाली. तिनं सगळ्या गल्लीत बोंब केली. ती फांदी काढून द्या, भाऊ."

मी विचारलं, "गुरुजींना विचारलंय का? झाड त्यांचं हाय."

"बोलणं झालंय आमचं," काकू म्हणाल्या.

मी पुढं काही विचारलं नाही. तिथंच चुकलो.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही गेलो. साडू एका लग्नासाठी देवगाव फाट्याकडं गेला होता. काम पुढं ढकलायला हवं होतं, पण काकूंनी त्याच आठवड्यात कुरडयांचे गहू भिजत घातले होते आणि त्यांना घाई होती. गुरुजींच्या दाराला कुलूप. अंगणाच्या गेटला नुसती कडी. दोर बुंध्याला बांधायचा तर त्यांच्या अंगणात जावंच लागणार होतं. बायको गेटापाशी थांबली.

"त्यांच्या माघारी त्यांच्या अंगणात कसं जायचं?" ती म्हणाली.

"आगं बोलणं झालंय त्यांचं," मी म्हणालो. काकूंचं वाक्य मी तसंच पुढं सरकवलं. ती आत गेली, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

सकाळभर मी बारीक फांद्या काढल्या. त्या काकूंच्या गच्चीवर पडत होत्या आणि काकू त्यांचे भारे बांधत होत्या. दुपारी मूळ फांदीला हात घातला. ती माझ्या मांडीपेक्षा जाड होती. वरच्या बेचक्यातून दोर काढून फांदीला बांधला आणि खाली सोडला. बुंधा एवढा रुंद निघाला की दोर आखूड पडला. दोन वेढे द्यायचे तिथं एकच बसला. शेंड्याकडं दुसरा, बारीक दोर बांधून तो गच्चीवर काकूंच्या हातात दिला, फांदी हेलकावे खाऊ नये म्हणून. मी स्वतःला कंबरेच्या पट्ट्यानं खोडाशी बांधून घेतलं. खालून काप झाला. वरून निम्मी करवत आत गेली. आणि तेवढ्यात गेट वाजलं.

गुरुजी परभणीला डोळे दाखवायला गेले होते, ते दुपारच्या गाडीनं परत आले होते. डोक्याला पंचा, हातात कापडी पिशवी. त्यांनी आधी माझ्या बायकोकडं पाहिलं, मग वर माझ्याकडं, मग गच्चीवरच्या पाल्याच्या ढिगाकडं.

"कुणी सांगितलं?" ते ओरडले. "माझं झाड तोडायला कुणी सांगितलं तुला?"

गच्चीवरून काकू म्हणाल्या, "मी सांगितलं. माझ्या घरावर आलेली फांदी हाय ती."

"तुमच्या घरावर सावली पडते म्हणून झाड तुमचं झालं का?"

"तीन वर्षं सांगायलेय मी तुमाला, गुरुजी. तीन वर्षं! तुमी नुसतं हूं म्हणून आत जाता."

तेव्हा मला कळलं, बोलणं काय झालं होतं ते. काकू बोलल्या होत्या. गुरुजी बोलले नव्हते.

गुरुजींनी ओट्यावरची लोखंडी खुर्ची ओढत आणली आणि बरोबर त्या फांदीखाली मांडली. पिशवी मांडीवर घेऊन बसले. "तोड आता," ते म्हणाले. "टाक माझ्या डोक्यावर."

मी वर बांधलेला. फांदी निम्मी कापलेली. असली फांदी तशीच सोडता येत नाही. ती आपल्या वजनानं केव्हाही फाटते, आणि फाटली की खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. शिवाय दुपारचं वारं सुटायला लागलं होतं. प्रत्येक झुळकीला कापातून करकर आवाज येत होता, आणि तो मला बुडाखाली जाणवत होता.

मी हात जोडून म्हणालो, "गुरुजी, माझी चूक झाली. मी तुमाला विचारायला पायजे होतं. पण आता फांदी ऱ्हायची न्हाई. तुमी बाजूला व्हा. मग मला काय बोलायचं ते बोला."

"मी हलणार नाही."

गच्चीवरून काकूही ओरडल्या, "आवो उठा की गुरुजी! मरायचंय का?" त्यावर ते आणखी घट्ट बसले.

मी फार घाबरलो होतो. पोलीस येतील, काम जाईल, हे नंतरचं. एक म्हातारा माणूस माझ्या करवतीखाली मरेल, ही भीती होती. मी करवत कापातून काढून पट्ट्याला अडकवली.

तेव्हा बायको बोलली. तिनं आवाज चढवला नाही. दोराचं टोक दोन्ही हातांत धरून ती उभी होती, तशीच गुरुजींकडं वळली.

"गुरुजी, ही फांदी पडणारच हाय. मला एकटीला पेलायची न्हाई. आमचा तिसरा माणूस आज आला न्हाई. झाड तुमचं हाय ना? मग या, धरा. तुमच्या झाडाची फांदी आपटायची का अलगद उतरायची, तुमी ठरवा."

मला वाटलं, आता गुरुजी हिच्यावर ओरडतील. पण वरून पुन्हा करकर झाली आणि त्यांनी मान वर केली. विज्ञान शिकवलेल्या माणसाला वजन कळतं. त्यांनी पिशवी खुर्चीवर ठेवली, खुर्ची स्वतःच बाजूला केली, आणि बायकोच्या मागं येऊन दोर धरला.

"कुठं उभं राहायचं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या मागं. पाय बुंध्याला लावा. झटका बसंल. काय बी झालं तरी सोडू नका."

मी करवत परत घातली. दहा-बारा ओढी झाल्या असतील. फांदी मोडली तसा दोर ताणला आणि बेचकं कुरकुरलं. फांदीचं बूड झोका घेऊन माझ्या पायाच्या दिशेनं आलं. मला कुठं सरकायला जागा नव्हती. खाली बायकोचा पाय पाल्यावरून घसरला आणि ती गुडघ्यावर पडली. दोर तिच्या हातातून निसटला.

दोन श्वास जातील एवढा वेळ ती सगळी फांदी एकट्या गुरुजींच्या हातात होती. दोर त्यांच्या तळव्यातून हातभर सरकला. ते पुढं ओढले गेले, छातीनं बुंध्यावर आपटले, पण सोडला नाही. तिकडं गच्चीवर काकूंनी शेंड्याचा दोर गच्चीच्या खांबाला गुंडाळून मागं ओढून धरला आणि बूड माझ्या घोट्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. मग बायको उठली, तिनं पुन्हा पकडलं. तिघांनी मिळून ती फांदी खाली आणली. अंगणात टेकली तेव्हा तिच्यावरचं पाखराचं काटक्यांचं घरटंसुद्धा तसंच होतं.

गुरुजींनी तळहात उघडून पाहिले. सालटं निघाली होती. बायकोनं ओट्यावरच्या हंड्यातलं पाणी त्यांच्या हातावर ओतायला घेतलं, त्यांनी ओतू दिलं. मग आत जाताना उंबऱ्यावर वळून म्हणाले, "उद्या मी नगरपालिकेत अर्ज देणार आहे. तुझ्यावर आणि त्यांच्यावर, दोघांवर."

मी म्हणालो, "द्या गुरुजी."

मी वरच थांबून खुंट साफ केला. काप मानेपाशी नीट घेतला. निघताना मी खोडाला हात लावून उतरलो. पायाला काही झालं नव्हतं, पण घरी जाईपर्यंत तो पाय माझा नसल्यासारखा वाटत होता.

त्यांनी खरोखरच अर्ज दिला. चार दिवसांनी कचेरीतून बोलावणं आलं. त्या चार दिवसांत मी काम घेतलं नाही. विनापरवाना झाड तोडलं म्हणून गुन्हा नोंदवतील, करवत-दोर जप्त होईल, असं लोक सांगत होते. बायको म्हणाली, "खरं ते सांगायचं. काकूंनी सांगितलं, म्हणून आपण केलं." पण मला ते जमेल असं वाटत नव्हतं. एकट्या बाईचं नाव पुढं करून आपण मागं व्हायचं, हे घशाखाली उतरेना. आणि खरं तर गुरुजींच्या दारात जाऊन मीच विचारायला हवं होतं.

कचेरीतल्या साहेबांच्या टेबलासमोर आम्ही चौघं. गुरुजींच्या दोन्ही हातांना पट्ट्या. साहेबांनी मला विचारलं, "परवानगी घेतली होती?"

"न्हाई साहेब."

"मालकाला विचारलं होतं?"

"न्हाई. माझी चूक हाय."

साहेब लिहायला लागले, तेवढ्यात काकू खुर्चीवरून उठल्या. पदर सावरून म्हणाल्या, "थांबा साहेब. ह्यांनी विचारलं होतं. मला विचारलं होतं. मीच म्हणाले, बोलणं झालंय. झालं नव्हतं. मी खोटं बोलले. लिहायचं तर माझं नाव लिहा."

साऱ्या कॉलनीत ज्या बाईच्या तोंडाला कुणी लागत नसे, तिला एवढ्या लोकांत 'मी खोटं बोलले' म्हणायला काय लागलं असेल, हे मी आजही विसरलो नाही. त्यांना गप्प बसता आलं असतं.

साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं. "मग? तुमचं काय म्हणणं?"

गुरुजींनी पट्ट्या बांधलेले हात टेबलावर ठेवले. "अर्ज मी मागं घेणार नाही," ते म्हणाले. "झाड मला न विचारता कापलं, हे खरंच आहे. पण त्यात एक ओळ वाढवा. मी काल चढून काप पाहिला..."

"ह्या वयात चढलात?" साहेबांनी मध्येच विचारलं.

"शिडीनं. काप बरोबर आहे. खोडाला इजा नाही, साल फाटलेली नाही. घाबरलेल्या माणसाला घाईत असा काप घेता येत नाही. ह्याला झाडाची कदर आहे. ह्याची हत्यारं घेऊ नका."

साहेबांनी आम्हाला तोंडी समज दिली. पुन्हा परवानगीशिवाय झाडाला हात लावायचा नाही, म्हणून माझ्याकडून लिहून घेतलं. अर्ज फाइलला लागला. तेवढ्यावर सुटलो.

बाहेर आलो तर मागून हाक आली. "ओ झाडवाले!" गुरुजी चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसले होते. "लिहिता येतं का?"

"दहावी झालोय, गुरुजी."

"मग कागद का करून घेत नाहीस? तोंडच्या शब्दावर झाडावर चढतोस? बस. लिही."

त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं, हात बांधलेले. पिशवीतून एक पाठकोरा कागद काढायला लावला आणि सांगत गेले. झाड कुणाच्या जागेत आहे. कुठली फांदी, कुठपर्यंत. ती कुणाच्या बाजूला जाते. परवानगी घेतली का. मालकाची सही आणि शेजाऱ्याची सही, दोन्ही असल्याशिवाय काम सुरू होणार नाही. मी लिहीत होतो आणि ते वाकून बघत होते. "'फांदी'तली दी दीर्घ. 'शेजारी'तली री पण." चाळिशी ओलांडल्यावर मी पुन्हा शाळेत बसलो होतो.

काकू जरा लांब, छत्री उघडून उभ्या होत्या. माझी बायको त्यांना चहा घेऊन गेली आणि हाताला धरून बाकड्यापाशी घेऊन आली. त्या बसल्या नाहीत, पण ऐकत राहिल्या. कागद पुरा झाल्यावर गुरुजी माझ्याकडं बघून, पण काकूंना ऐकू जाईल असं म्हणाले, "उरलेल्या झाडाची सावली आहेच. विचारा, ह्यांना गच्चीवर किती वाजेपर्यंत ऊन लागतं?"

"चार वाजेपर्यंत," काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या.

"चार फार होतं. दोन."

"दोन वाजता कुरडई निम्मी ओली असती. तीन तरी पायजेत."

"तीन. पण उन्हाळ्यात झाडाला हात लावायचा नाही. पौषात छाटायचं, म्हणजे त्याचं त्याला भरून येतं. आणि दरवर्षी दोन बारक्या फांद्या. तिसरी नाही."

"पाला?"

"पाला पडणारच. झाड आहे ते."

काकू हसल्या नाहीत, पण छत्री मिटली. त्यांनी त्याच कागदावर पहिली सही केली. गुरुजींनी पट्टीतून बाहेर आलेल्या दोन बोटांत पेन धरून खाली वेडीवाकडी सही केली. तो कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला. त्यावरून मग कोरे नमुने छापून घेतले, आणि आजवर त्या कागदावर दोन सह्या झाल्याशिवाय मी कुणाच्या झाडाला शिडी लावलेली नाही. कितीतरी ठिकाणी भांडण त्या कागदावरच मिटलं; सही मागायला गेलो की दोन घरचे लोक वर्षानुवर्षांनी समोरासमोर उभे राहतात, आधी तावातावानं बोलतात, मग फांदीकडं बोट दाखवून बोलतात. झरीला तर दोन चुलतभाऊ माझ्या कागदावरच तासभर भांडले आणि शेवटी आंब्याची फांदी न कापताच मी परत आलो. मला त्याचा आनंदच झाला.

गुरुजी आणि काकू काही गळ्यात गळे घालून राहायला लागले नाहीत. पुढची दोन-तीन वर्षं ते माझ्यामार्फतच बोलायचे. पौष आला की मी जायचो. गुरुजी खाली उभं राहून "मान सांभाळा" म्हणून ओरडायचे. केव्हा कोण जाणे, ते मला 'तुम्ही' म्हणायला लागले होते. काकू निघताना बायकोच्या पिशवीत कुरडयांचं पुडकं टाकायच्या.

मागच्या पौषात गेलो तेव्हा काकू गच्चीवर नव्हत्या. खाली ओट्यावर बसून गुडघा चोळत होत्या. "यंदा छाटू नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "जिना चढवत न्हाई आता. वाळवण बंदच करायचं म्हणायलेय."

मी कागद तसाच घेऊन गुरुजींकडं गेलो आणि त्यांना सांगितलं. ते उठले आणि चप्पल घालून भिंतीपाशी आले. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या भिंतीपाशी येऊन हाक मारताना पाहिलं नव्हतं.

"अहो, ऐकलं का? माझ्या पुढच्या अंगणात दिवसभर ऊन असतं. तिथं घाला. जिना नाही, काही नाही."

पलीकडून काकू म्हणाल्या, "आन् राखायला कोण बसंल?"

"मी बसतो. मला कोणतं दुसरं काम आहे?"

चैत्रात आम्ही त्या बाजूनं जात होतो तेव्हा मोटारसायकल थांबवून बघितलं. गुरुजींच्या अंगणात चार बाजांवर साड्या अंथरून कुरडया घातल्या होत्या, दारात लोखंडी खुर्चीवर गुरुजी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते, आणि काकू भिंतीवरून बजावत होत्या, "गुरुजी, पेपर खाली करा! कावळा बघा तिकडं!" गुरुजींनी पेपर हलवला. कावळा उडून पुन्हा बाजेच्या पायाशी येऊन बसला.

बायको मागच्या सीटवरून म्हणाली, "थांबायचं का चहाला?"

मी गाडी लावली. मला त्या दोघांना एकदा नीट, समोर बसून सांगायचंच होतं की माझे दोन्ही पाय आज धड आहेत ते तुमच्या हातांमुळं, आणि माझ्या धंद्यात इमान राहिलं ते तुम्ही कचेरीत जे बोललात त्यामुळं. काकू गेटातून आत आल्या, गुरुजींच्या ओट्यावर चहा झाला, मी तसं सांगितलंही. गुरुजी गडबडून "असू द्या, असू द्या" म्हणाले. काकूंनी फक्त माझ्या बायकोच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी ही बोलली नसती तर, भाऊ..." बायको उठली आणि कुरडया उलट्या करायला लागली.